जुनी मोटार : जपावी कीं नवी करावी?

विजयादशमीच्या दिवशीं सूर्य मावळतीस आला म्हणजे कोल्हापूरच्या दसरा चौकांत माणसांचा समुद्र लोटतो. करवीरनिवासिनी अंबाबाईची, भवानीची आणि गुरुमहाराजांची अशा पालख्या येतात. लकडकोटाचें पूजन होतें. आणि मग आपट्याचीं पानें लुटण्यासाठीं एकच झुंबड उडते. या सोहळ्याला छत्रपति घराण्यांतील मंडळींना घेऊन जी केशरी रंगाची जुनी मेबॅक मोटार येते, तिच्यासाठींहि लोक टांचा उंचावून उभे असतात. वडिलांच्या खांद्यावर बसलेलें एखादें मूल हटकून विचारतें, “ही गाडी अजून चालते कशी?” प्रश्न मुलाचा आहे, म्हणून तो सोपा समजण्याचें कारण नाहीं. १९३६ सालची ही मोटार. म्हणजे नव्वदीच्या घरांतली. ती चालती ठेवावयाची, तर तिच्यांतील कांहीं ना कांहीं बदलावें लागणार. आणि बदलत गेलें, तर एके दिवशीं ती मूळची मोटार राहील काय?

अशी दुर्मिळ वस्तु ज्याच्या पदरीं असते, त्याला सल्लागारांची वाण पडत नाहीं. एक म्हणतो, “हिला हातहि लावूं नका, कांचेआड ठेवा.” दुसरा म्हणतो, “जुनें इंजिन काढून नवें बसवा, वातानुकूलन घाला, झकास रंग द्या. गाडी पुन्हा तरुण होईल.” दोघांचेंहि मोटारीवर प्रेमच असतें. परंतु या दोन सल्ल्यांमध्यें जी विस्तीर्ण जागा आहे, तेथेंच खरा विचार करावा लागतो. तो विचार करण्यापूर्वीं ही मोटार मुळांत आहे कोण, तें पाहिलें पाहिजे. कारण रोग्याची प्रकृति ओळखल्यावांचून औषध देणें हा वैद्यकींतला पहिला प्रमाद होय.

विल्हेल्म मेबॅक हा जर्मन यंत्रज्ञ गॉटलीब डाइमलर यांचा सहकारी. ज्या मोटारीला प्रथम ‘मर्सिडीज’ हें नांव मिळालें, तिची रचना १९०० च्या सुमारास त्यानेंच केली. मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार रेडिएटर हीहि त्याचीच कल्पना. त्यानें व त्याचा मुलगा कार्ल यानें १९०९ सालीं जो कारखाना काढला, तो मोटारींसाठीं नव्हताच. झेपेलिन नांवाच्या प्रचंड वायुनौकांना इंजिनें पुरविण्यासाठीं होता. पुढें तो कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं फ्रीड्रिक्सहाफेन येथें स्थिरावला. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनीवर विमानांच्या बाबतींत निर्बंध पडले, तेव्हां आकाशांत झेप घेणारी ती विद्या रस्त्यावर उतरली. १९२१ सालीं मेबॅक नांवाची पहिली मोटार लोकांपुढें आली आणि १९४१ पर्यंत, म्हणजे अवघीं वीस वर्षें, हा उद्योग चालला. तेवढ्या काळांत सुमारें १,८०० मोटारी बाहेर पडल्या. दुसऱ्या महायुद्धांत कारखाना रणगाड्यांच्या इंजिनांत गुंतला, आणि मोटारींचें तें घराणें तेथेंच खुंटलें. पुढें २००२ सालीं तें नांव पुन्हा मोटारींवर झळकलें. परंतु नांव फिरून आलें म्हणजे जुने साचे आणि जुने सुटे भाग फिरून आले असें होत नाहीं.

या मोटारींचें आणखी एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. कारखाना बहुधा चाकांसह सांगाडा आणि इंजिन एवढेंच तयार करी. त्यावरील देह, म्हणजे दारें, मडगार्ड, बैठकी, छत, हा गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें निराळे कारागीर घडवीत. राव्हेन्सबुर्ग येथील श्पोन यांची कार्यशाळा या कामीं विशेष नांवाजलेली होती. लांकडाच्या चौकटीवर पत्रा हातोडीनें ठोकून बसविलेला तो देह असे. त्यामुळें एका मेबॅकचें दार दुसऱ्या मेबॅकला बसेलच याची शाश्वति नसे. आज बाजारांतील मोटारीचें दार चेपलें, तर त्याच मापाचें दुसरें दार चार दिवसांत मिळतें. येथें तसें नाहीं. येथें प्रत्येक मोटार ही शिंप्यानें अंगावर बेतलेल्या अंगरख्यासारखी आहे.

ती कोल्हापुरास आली, तो काळहि तितकाच बोलका आहे. छत्रपति राजाराम महाराज यांची कारकीर्द १९२२ ते १९४० अशी अठरा वर्षांची. याच काळांत कोल्हापुरास विमानतळ झाला. त्याचें साल १९३९. यंत्रयुगाकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या एका संस्थानाची ती वर्षें होतीं. १ मार्च १९४९ रोजीं हें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. दरबार गेला, परंतु दसरा राहिला; आणि दसऱ्याबरोबर मोटारहि राहिली. एवढ्यावरून दिसेल कीं, ही केवळ एका घराण्याच्या मालकीची चीज नव्हे. शहराच्या आठवणीचा एक धागा तिच्याभोंवतीं गुंडाळलेला आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयींचा निर्णय केवळ गॅरेजांतला निर्णय राहत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जुन्या वस्तूच्या बाबतींत तीन निरनिराळ्या क्रिया संभवतात, आणि पुष्कळ घोटाळा होतो तो या तिन्हींना एकच नांव दिल्यामुळें. पहिली क्रिया जतनाची : जें आहे तें जसें आहे तसें टिकविणें, गंज थांबविणें, कसर लागूं न देणें. दुसरी जीर्णोद्धाराची : जें बिघडलें अगर हरवलें, तें मूळच्याप्रमाणें पुन्हा करणें. तिसरी आधुनिकीकरणाची : मूळांत जें नव्हतेंच, तें नव्यानें आणून बसविणें. पहिलींत वस्तु बोलते व माणूस ऐकतो. दुसरींत माणूस वस्तूच्या वतीनें बोलतो. तिसरींत तो स्वतःचेंच बोलतो आणि वस्तूला ऐकावयास लावतो.

याला आपल्याकडील पोथ्यांचा दाखला चपखल बसतो. पूर्वीं पोथी जीर्ण झाली म्हणजे तिची शुद्ध प्रत करीत आणि मूळ पोथी भक्तिभावानें नदींत विसर्जन करीत. हेतु पवित्र होता. परंतु त्या मूळ पोथीच्या समासांतील टिपा, खाडाखोड, लेखकाच्या हाताचें वळण आणि कागदाची जात हें सगळें पाण्यांत गेलें. नवी प्रत वाचावयास सुबक खरी; पण संशोधकाला जें हवें होतें, तें तिच्यांत नाहीं. जुन्या मोटारीचा रंग खरवडून काढून तिला आरशासारखी चकाकी आणणारा गृहस्थ नेमकें हेंच करीत असतो. मूळ रंग एकदांच असतो. बैठकीचें चामडें, दाराच्या कडेला हात लागून झालेली झीज, यंत्रावर ठोकलेले क्रमांक, कापडांत गुंडाळलेल्या विजेच्या तारा, या सर्व मोटारीच्या समासांतील टिपा आहेत.

जगाची अभिरुचिहि या बाबतींत पालटत आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें १९५० सालापासून जुन्या मोटारींचा एक मोठा मेळा भरतो. तेथें पुष्कळ वर्षें सर्वोच्च मान मिळे तो नव्यासारख्या लखलखीत केलेल्या मोटारींना. परंतु २०२४ सालच्या ऑगस्टमध्यें हा मान १९३४ सालच्या एका बुगाटीला मिळाला. एके काळीं ती बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती. तिच्या काळ्या रंगावर वयाच्या खुणा स्पष्ट होत्या, आणि त्या तशाच राखल्या होत्या. जीर्णोद्धार न करतां केवळ जतन केलेल्या मोटारीला तेथील पहिला मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. सुरकुत्या या दोष नसून इतिहास आहेत, हें परीक्षकांनीं मान्य केलें असा याचा अर्थ.

तर मग कांचेआडचा सल्लाच बरोबर, असें कोणी म्हणेल. पण मोटार म्हणजे पोथी नव्हे, हाहि भेद विसरून चालत नाहीं. पोथी मिटून ठेवली तरी पोथीच राहते. मोटार मिटून ठेवली तर हळूहळू तिचें प्रेत होतें. उभ्या मोटारींतील वंगण खालीं उतरतें, सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडून त्यांना गंज चढतो, पिस्टनच्या कड्या अडकतात, रबराचे व चामड्याचे जोड सुकून तडकतात, टायर एकाच जागीं दबून चपटे होतात, आणि टांकींतील पेट्रोल आटून त्याचा चिकट थर बसतो. अतिश्रमानें मोटार झिजते आणि अतिविश्रांतीनें सडते. यास्तव जाणते लोक वर्षांतून कांहीं वेळां तरी ती थोडी चालविणें पसंत करतात. शिवाय मोटारीबरोबर एक विद्याहि जपावयाची असते : थंड इंजिन कसें चालू करावें, आवाजावरून दुखणें कसें ओळखावें, गिअर न खरडतां कसा बदलावा. ही विद्या कांचेच्या पेटींत ठेवतां येत नाहीं. ती हातांत राहते, आणि हात चालते असतील तरच राहते.

कोल्हापूरच्या मोटारीच्या बाबतींत तर चालण्याला समारंभाचा अर्थ आहे. पण त्या चालण्यांतच एक अडचण दडलेली आहे, आणि ती बाहेरून पाहणाराच्या लक्षांत येत नाहीं. १९३०-४० च्या दशकांतील मोठी जर्मन मोटार लांबच्या सरळ रस्त्यावर वेगानें जाण्यासाठीं घडविलेली. तिला गर्दींतून माणसाच्या चालीनें जावयास सांगणें म्हणजे शर्यतीच्या घोड्याला वरातींत नाचविण्यासारखें आहे. मोटार वेगांत असते तेव्हां समोरचा वारा रेडिएटरमधून शिरून पाणी थंड करतो. ती रेंगाळली कीं सारा भार एकट्या पंख्यावर पडतो. तो पंखा इंजिनाच्याच गतीनें फिरणारा. इंजिन मंद, तर पंखाहि मंद. जुना डायनॅमो मंद गतींत बॅटरीला पुरेशी वीज देत नाहीं. क्लच अर्धवट दाबून पुढें सरकत राहिल्यानें तो तापतो व झिजतो. इंजिनाची उष्णता वाढून नळींतील पेट्रोलची वाफ झाली, तर प्रवाह तुटून गाडी जागच्या जागीं बंद पडते. आणि भोंवतीं हजारों माणसें दाटलेलीं असतात, त्यांत लहान मुलें असतात. अशा ठिकाणीं ब्रेकनें दगा देऊन कसें चालेल? मोटार कितीहि दुर्मिळ असली, तरी माणसाचा जीव तिच्याहून दुर्मिळ आहे.

म्हणून कांहीं बदल हे करावेच लागतात. प्रश्न असतो तो कोणते, एवढाच. तो सोडविण्यासाठीं प्रत्येक भागापुढें दोन साधे प्रश्न मांडावे. हा भाग साक्षीदार आहे कीं सेवक? आणि आज केलेला बदल उद्यां कोणाच्या मनांत आलें, तर जशाचा तसा परत फिरवितां येईल काय?

सेवक म्हणजे जे भाग झिजण्यासाठींच जन्माला आले ते. टायर, ब्रेकचे पट्टे, पंख्याचा पट्टा, बॅटरी, वंगण, पाण्याच्या रबरी नळ्या, सांध्यांतील गॅस्केट. मोटार नवी होती तेव्हांहि हे बदलले जातच होते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानेंच कडक होतें व फुटतें. तेव्हां दहा वर्षांपलीकडच्या टायरवर, तें कितीहि कोरें दिसो, माणसें बसवूं नयेत. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्याचें आतां सर्वमान्य आहे. तेथें नव्या द्रव्याचे पट्टे लावण्यांत परंपरेचा कसलाहि भंग होत नाहीं. याउलट सांगाडा, इंजिनाचा मूळ ठोकळा, गिअरपेटी, देहाची लांकडी चौकट व पत्रा, यंत्रफलकावरील तबकड्या, हे साक्षीदार आहेत. त्यांना दुरुस्त करावें, बदलूं नये. पत्रा कुजला तर कुजलेला तेवढाच तुकडा कापून नवा जोडावा. सगळें मडगार्ड नवें करण्याचा मोह टाळावा.

सेवकांविषयींच्या विचारांत हल्लीं एक नवें प्रकरण शिरलें आहे, आणि कोल्हापूरकरांना त्याचें विशेष अगत्य वाटावें. आज देशभर मिळणाऱ्या पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. हें इथेनॉल येतें तें मोठ्या प्रमाणावर उंसापासून, आणि कोल्हापूर जिल्हा तर उंसाचें आगर. शेतकऱ्याला व देशाला त्याचा लाभ आहे, यांत शंका नाहीं. परंतु नव्वद वर्षांच्या मोटारीच्या पोटाला हें अन्न पचत नाहीं. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. तो हवेंतील ओलावा शोषून घेतो आणि टांकींत गंज धरवितो. जुन्या प्रकारचें रबर त्यानें फुगतें किंवा भुसभुशीत होतें. पूर्वीं पेट्रोलचा तरंगता बुचाचा तुकडा लाखेच्या रोगणानें माखून काढीत. आणि लाख मद्यार्कांत विरघळते, हें कोणताहि सुतार सांगेल. म्हणजे ज्या गांवचा ऊंस, त्याच गांवची मोटार त्यानें आजारी पडावयाची! यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहींत. नळ्या व गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या नव्या द्रव्याचीं घालावीं, वरून दिसतील मात्र जुन्यासारखींच. कार्ब्युरेटरचें प्रमाण थोडें जुळवून घ्यावें. आणि मोटार दीर्घकाळ उभी करावयाची असेल तेव्हां टांकी व नळ्या रिकाम्या कराव्या. हा बदल न करणें म्हणजे जतन नव्हे. ती हयगय होय.

दुसरा प्रश्न परत फिरविण्याचा. मिरवणुकींतील उष्णतेवर तोड म्हणून रेडिएटरमागें विजेचा एक छोटा पंखा दडवून बसविला, आणि त्यासाठीं मूळ पत्र्याला एकहि भोंक पाडलें नाहीं, तर दसऱ्यानंतर तो काढून ठेवतां येतो. वीज कमी पडते म्हणून डायनॅमोच्या जागीं नव्या धर्तीचें यंत्र लावण्यापेक्षां मिरवणुकीपूर्वीं बॅटरी पूर्ण भरून घेणें अधिक शहाणपणाचें. जुन्या तारांचें आवरण कुजून ठिणगी पडण्याचें भय असेल, तर नव्या तारा जरूर ओढाव्या, त्यांवर जुन्यासारखें कापडी वेष्टण असावें, आणि काढलेल्या तारांची गुंडाळी नांव-तारीख घालून जपून ठेवावी. पण वातानुकूलनासाठीं यंत्रफलक कापला, रेडिओसाठीं दारांत भोंकें पाडलीं, अगर रुंद चाकें बसावीं म्हणून मडगार्ड छाटलें, तर तो बदल परत फिरत नाहीं. एका पिढीची सोय होते आणि पुढील सर्व पिढ्यांचें नुकसान होतें.

याच कसोटीवर विजेच्या मोटारीचा प्रश्नहि घांसून पाहतां येतो. जुन्या मोटारींतील इंजिन काढून तेथें विजेची यंत्रणा बसविण्याची टूम अलीकडे युरोपांत निघाली आहे. १९ मे २०१८ रोजीं इंग्लंडच्या राजपुत्र हॅरींच्या विवाहदिनीं वधूवर ज्या जुन्या घाटाच्या जॅग्वारमधून निघाले, ती १९६८ सालची मोटार अशीच विजेवर चालणारी केलेली होती. धूर नाहीं, आवाज नाहीं, उष्णतेचा त्रास नाहीं. मिरवणुकीस तर ती फारच सोयीची. ज्या नमुन्याच्या हजारों मोटारी अद्याप शिल्लक आहेत, त्यांतील एखादीवर असा प्रयोग करण्यास कोणी हरकत घेऊं नये. परंतु वायुनौकांच्या इंजिनांतून ज्या कारखान्याचें कूळ निघालें, त्याच्या मोटारींतून इंजिनच काढून घेणें म्हणजे सनई ठेवून तिचा सूर काढून घेणें होय. जुन्या मोटारींच्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें, जो १९६६ सालीं स्थापन झाला, असा स्पष्ट अभिप्राय दिला आहे कीं, विजेची यंत्रणा बसविलेली मोटार ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येंत राहत नाहीं. आणि कोणी तसें केलेंच, तर तें परत फिरवितां येण्याजोगें असावें व काढलेले मूळ भाग जपावे.

या महासंघानें २०१२ सालीं इटलींतील तुरीन शहराच्या नांवानें एक सनद संमत केली. प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली, तिचेंच तत्त्व येथें मोटारींना लावलेलें आहे. तिचें सार असें कीं, शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा. सुरक्षिततेसाठीं बदल करणें भाग पडलें तर तो मूळ रचनेचा मान राखून करावा. आणि जें जें केलें त्याची नोंद ठेवावी. आपल्याकडील कायद्याचा रोखहि तोच आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार वाहन नियमांत जी भर घातली, तिच्याप्रमाणें पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी वाहनाला ‘व्हीए’ या अक्षरांचा खास क्रमांक मिळूं शकतो. त्यासाठीं नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये ठेवलें आहे. अट अशी कीं, वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें, आणि सांगाडा, देह किंवा इंजिन यांत भरीव फेरफार केलेला नसावा. असें वाहन रोजच्या वापरास अगर धंद्यास चालत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या वाहनांची फेरी, किंवा दुरुस्ती व इंधन यांपुरतेंच तें रस्त्यावर आणावयाचें. म्हणजे ज्यानें हौसेनें नवें इंजिन बसविलें, त्यानें मोटारीच्या आत्म्याबरोबर तिचा हा मानहि घालविला.

सुटा भाग मिळत नाहीं, ही तक्रार आधुनिकीकरणाच्या बाजूनें नेहमीं पुढें केली जाते. ती इतरत्र खरी असेल; कोल्हापुरांत ती मुकाट्यानें मान्य करणें कठीण. याच शहरांत बाबूराव पेंटरांनीं, दामल्यांसारख्या सहकाऱ्याला हाताशीं धरून, १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला. परदेशीं यंत्र मिळेना, म्हणून हात जोडून बसण्याची या गांवची रीत नाहीं. आज उद्यमनगरच्या लेथपासून शिरोली व गोकुळ शिरगांवच्या ओतशाळांपर्यंत मोटारींच्या इंजिनांचे भाग घडविणारे हात येथें शेंकड्यांनीं आहेत. झिजलेल्या भागाचें माप घेऊन, धातूची जात तपासून, एकच नग ओतणें व कातणें हें त्यांना अशक्य नाहीं. मात्र नव्या भागावर बारीकशी खूण व साल कोरून ठेवावें, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला जुनें कोणतें आणि नवें कोणतें तें कळेल. कारागिराची फुशारकी नव्याला जुनें भासविण्यांत असते. त्याचा प्रामाणिकपणा या लहानशा खुणेंत असतो.

आणि नोंदवहीचें महत्त्व काय असतें, तें कोल्हापूरनें नुकतेंच फार मोठी किंमत देऊन जाणलें आहे. शाहू महाराजांच्या काळीं, १९१५ सालीं, उभें राहिलेलें नाट्यगृह, पुढें ज्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें, तें ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत भस्मसात् झालें. दुसऱ्या दिवशीं केशवरावांची जयंती होती. तें पूर्वीच्याच रूपांत पुन्हा उभें राहावें, हीच शहराची भावना होती. परंतु ‘पूर्वीचें रूप’ म्हणजे नक्की काय, हें अशा वेळीं केवळ आठवणीवरून ठरत नाहीं. मोजमापें, नकाशे आणि छायाचित्रें लागतात. मोटारीच्या बाबतींतहि हेंच सूत्र. तिच्या प्रत्येक भागाचें छायाचित्र, मापें, रंगाचा नमुना, बदललेल्या भागांची यादी आणि त्यांचें कारण हें सारें एका वहींत सुस्थितींत असावें, आणि ती वही मोटारीपासून दूर, दुसऱ्या इमारतींत ठेवलेली असावी. ती वही लिहिण्यास कोणत्याहि मिस्त्रीची गरज नाहीं. चिकाटी असलेला शाळकरी मुलगाहि तें काम करूं शकतो.

राजवाड्याची मोटार प्रत्येकाच्या दारीं नसते, हें खरें. पण पुष्कळ घरांच्या मागील अंगणांत आजोबांची फियाट, एखादी अँबॅसडर किंवा जुनी स्कूटर ताडपत्रीखालीं उभी असते, आणि दिवाळीची साफसफाई निघाली म्हणजे तिच्यावरून घरांत दोन पक्ष पडतात. १९७० सालीं जिची नोंदणी झाली, अशी मोटार आज वर सांगितलेल्या नियमांत बसण्याच्या वयाची झाली आहे. अशा घरानें भंगारवाल्याला किंवा रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वीं चार गोष्टी कराव्या. आधीं छायाचित्रें घ्यावीं. कागदपत्रें एकत्र करावीं. ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या व तारा एवढ्यांना निःसंकोच नवें करावें. आणि बाकी कशालाहि हात लावण्यापूर्वीं एक वर्ष थांबावें. घाईनें केलेल्या दुरुस्तीचा पश्चात्ताप पुष्कळांना झालेला आहे. थांबल्याचा पश्चात्ताप, गंजाला आवर घातला असेल तर, सहसा होत नाहीं.

‘जुनें तें सोनें’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण सोनें पेटींत ठेवलें तरी तें तसेंच राहतें, मोटार राहत नाहीं. तिला दरवर्षीं कोणीतरी हात लावावा लागतो, आणि तो हात किती लावावयाचा याचा विवेक दरवर्षीं नव्यानें करावा लागतो. दसरा चौकांतून ती केशरी मोटार संथपणें निघून जाते, तेव्हां त्या विवेकाची परीक्षा चाललेली असते, हें गर्दींतील फार थोड्यांना ठाऊक असतें. खांद्यावरच्या त्या मुलाला मात्र त्याच्या वडिलांनीं तेवढें सांगावें : ही गाडी अजून चालते, कारण झिजणारें तें बदलणारे आणि बदलूं नये तें न बदलणारे हात तिला लाभले, तरच ती चालते.